नारिंगी फोल्डर

३ मार्च, सोमवार

रोजनिशी एक जानेवारीपासून लिहिणार होतो. तेव्हा वही नव्हती. वही आली तर पेन आवडेना. मनासारखं पेन मिळेतोवर फेब्रुवारी लागला, आणि एवढ्या तोकड्या महिन्यात मोठी कामं काढू नयेत असं माझं मत आहे. मग ताईकडे राहायला आलो. इथले पहिले काही दिवस निरीक्षणात गेले. (काकू त्याला लोळणं म्हणतात.) असो. आजपासून खंड नाही. रोज लिहायचं, थोडं पण खरं.

काकू म्हणजे ताईच्या सासूबाई. भावोजी लिफ्ट तपासायचं काम करतात. ताई चित्रं काढते. इतकी वर्षं दुकानांच्या पाट्या आणि औषधांची खोकी केली, आता पहिल्यांदा एक अख्खं पुस्तक हातात आलंय. लहान मुलांसाठी, पक्ष्यांचं. आत सगळी चित्रं तिची, कव्हरवर नाव तिचं. त्यापायी तिने नोकरी सोडली. १५ तारखेला, शनिवारी संध्याकाळपर्यंत चित्रं प्रकाशकाकडे पोचली पाहिजेत, नाहीतर ते दुसरा चित्रकार बघणार. सगळे पक्षी झालेत. फक्त घुबड राहिलंय.

या घरात रंगांची शिस्त आहे. ताई हिरवी, भावोजी निळे, काकू जांभळ्या. टॉवेल, कप, ब्रश, छत्री, चपलांचा कप्पा, सगळं ज्याच्या त्याच्या रंगाचं. कोणी पसारा केला की चोर रंगेहाथ. मला पांढरं दिलंय. पांढरा म्हणजे पाहुणा. काकू म्हणाल्या, पांढऱ्याचं एक बरं असतं, डाग लगेच दिसतो. टॉवेलबद्दल म्हणाल्या असाव्यात.

भावोजी म्हणाले, महिनाअखेरपर्यंत राहा, पुढचं पुढे. बाबांना मी फोनवर सांगून टाकलंय की इथे सिस्टम विभागात लागलो. खोटं नाही. घर हीसुद्धा एक सिस्टमच असते. बाबा नुसतं बरं म्हणाले. त्यांनी आपल्या जुन्या पार्सल ऑफिसात मला चिकटवलं होतं. पार्सलं देशोदेशी जाणार आणि मी खुर्चीवर बसून त्यांना शिक्के मारणार, हे मला पटेना. तेव्हापासून ते माझ्याशी मोजून मापून बोलतात.

संकल्प: पांढऱ्यातून बाहेर पडायचं. माझ्यावाचून या घराचं पान हलणार नाही असं काहीतरी करायचं. आणि लवकर उठायचं.

४ मार्च, मंगळवार

उठायला उशीर झाला, पण मग एकदम कामच.

ताईच्या लॅपटॉपवर अख्ख्या घराचं बिऱ्हाड आहे. तिचे पक्षी, भावोजींचे लिफ्टचे रिपोर्ट, काकूंच्या माहेरचे फोटो. आणि फोल्डर सगळे पिवळे. ज्या घरात छत्रीलासुद्धा रंग आहे, तिथे हा कारभार. मी कॉम्प्युटरचा कोर्स केलेला माणूस. (सर्टिफिकेट शेवटच्या दिवशी देतात, तोवर मी दुसऱ्या गावी गेलो होतो.) नेटवर फोल्डरला रंग देणारा एक फुकट प्रोग्रॅम सापडला. टाकताना लॅपटॉपने पुन्हा पुन्हा विचारलं, खात्री आहे का. मी दर वेळी हो म्हटलं. आत्मविश्वास असा हवा.

ताईचा हिरवा, भावोजींचा निळा, काकूंचा जांभळा. आणि हळूच एक नारिंगी. माझा. सध्या रिकामा आहे, पण रंग झकास बसलाय.

शिवाय ताईला दर वेळी आत आत शिरून शोधायला नको म्हणून सगळे पक्षी डेस्कटॉपवर आणून ठेवले. प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक छोटा बाण उमटलाय. छान दिसतो.

ताईने डोक्यात टपली मारली. म्हणाली, भोवऱ्या, तुझा उपयोग होतो रे अधूनमधून. मला ती लहानपणापासून भोवरा म्हणते. एका जागी ठरत नाही म्हणून. मी म्हटलं, भोवरा फिरतो एका जागीच. ती म्हणाली, तेच तर.

५ मार्च, बुधवार

ताईने हिरवा फोल्डर उघडला. खिडकी आली, थरथरली, गेली. पाटी आली: फाइल मॅनेजर बंद पडला आहे. पुन्हा उघडला, पुन्हा तेच. मेलला चित्र जोडायला गेलं की फाइल निवडायची खिडकीही तशीच मान टाकते. डेस्कटॉपवरून टिचकी मारली तर चित्र उघडतं, रंगवता येतं, सेव्हही होतं. फक्त घराबाहेर काढता येत नाही. पक्षी पिंजऱ्यात. (हे सुचलेलं वाया घालवायचं नाही.)

ताई बाबांसाठी पेनड्राइव्ह भरायला बसली होती. यांची एक गंमतच आहे. बाबांचा नेटवर विश्वास नाही, पार्सलवर आहे. ताई चित्रं पेनड्राइव्हवर भरून पाकिटातून पाठवते, बाबा तो टीव्हीला लावून शेजाऱ्यापाजाऱ्यांना पक्षी दाखवतात, मग पुसून रिकामा परत पाठवतात. रिकामं पोतं परत करायची ऑफिसातली सवय. दोन पेनड्राइव्ह आहेत, एक जातो, एक येतो. गेल्या आठवड्यात घुबड सोडून सगळे पक्षी गेले, काल दुसरा रिकामा परत आला. या जमान्यात माणसं चित्रं पाकिटातून पाठवतात, तरी घरात मला मागासलेला म्हणतात.

भावोजींनी विचारलं, काल तू लॅपटॉपला काही केलंस का. मी म्हटलं, काल तर सगळं नीट लावून दिलं. ते म्हणाले, म्हणूनच विचारतोय.

त्यांचं मत, कोपऱ्यावरच्या रिपेअरवाल्याकडे द्यावा. तो घड्याळाचे पट्टेही विकतो. ताईच्या आयुष्याचं काम पट्टेवाल्याच्या हाती द्यायचं? मी ताईला शब्द दिला, शुक्रवारपर्यंत ठणठणीत करून देतो. तिने पेनड्राइव्ह खणात ठेवला. मग म्हणाली, नक्की ना रे. मी म्हटलं, नक्की.

६ मार्च, गुरुवार

निदान झालं: धूळ.

काकूंचा केस वाळवायचा पंखा (जांभळा) घेऊन लॅपटॉपच्या फटींत गरम हवा मारली. लॅपटॉप तापला, फाइल मॅनेजर बंद पडला, पंख्याला जळका वास यायला लागला. काकू म्हणाल्या, आता माझे केस लॅपटॉपवर वाळवू का.

मग अभ्यासाला बसलो. नेटवर यावर खूप व्हिडिओ आहेत. त्यातल्या एकाच्या बाजूला दीपगृहाचा दिवा दुरुस्त करणाऱ्या माणसाचा व्हिडिओ होता. एकटा माणूस, चारी बाजूंनी समुद्र. तो बघितला. मग त्याचे सगळेच बघितले. दीपगृहात राहायचं असं ठरवलं. तिथे फाइल मॅनेजर नसतो. जागा कुठे निघतात ते बघायचं.

८ मार्च, शनिवार

काल लिहिलं नाही. काल शुक्रवार होता. मी शुक्रवारपर्यंत म्हटलं होतं, कोणत्या ते म्हटलं नव्हतं.

आज दोन अँटिव्हायरस टाकले. एकाचं लक्ष चुकलं तर दुसरा असावा. दोन पहारेकरी एकमेकांनाच चोर समजतायत, आणि लॅपटॉपची गोगलगाय झालीय.

पण एक शोध लागला. हिरवा उघडला, बंद. निळा, बंद. जांभळा, बंद. 'डाउनलोड्स' मात्र सरळ उघडतो. तो अजून पिवळाच आहे, त्याला रंग द्यायचा राहिलाय. म्हणजे घरच्या माणसांच्या फायली जड झाल्यात. रोग वजनाचा. मग नारिंगी उघडून बघितला, तोही बंद. आत काहीच नाही तरी. इथे जरा विचारात पडलो. बहुधा एकदम रिकामा असणंही तब्येतीला बरं नसावं.

भावोजी मागे उभे होते. म्हणाले, तुमची दोघांची जोडी चांगली आहे. कामाच्या वेळीच बंद पडता.

त्यावर हसलो नाही. दीपगृहासाठी पोहता यावं लागतं म्हणे. बघू.

९ मार्च, रविवार

युक्ती सापडली. इतकी सोपी की हसू आलं. मेलमध्ये फाइल निवडायची खिडकी मरते ना, मग खिडकी हवीच कशाला. डेस्कटॉपवरून बगळा उचलला आणि सरळ मेलवर नेऊन सोडला. बसला. पापणी लवायच्या आत गेला. प्रकाशकाच्या संपादकबाईंना ताईच्या नावाने लिहिलं, नमुना पाठवत आहे, बाकीचे मागोमाग येत आहेत.

ताईला सांगितलं नाही. उत्तर आलं की एकदमच सांगू. ती दुपारी बाजारात गेली होती, पिशवी लपवत आत आली आणि कपाटात काहीतरी कोंबलं. मी विचारलं तर म्हणाली, घुबड संपू दे, मग सांगते.

एक व्हिजिटिंग कार्ड करावं म्हणतो. नावाखाली 'सिस्टम सल्लागार'. कडा नारिंगी.

१० मार्च, सोमवार

संपादकबाईंचं उत्तर: फाइल उघडत नाही, नुसता बाणाचा आयकॉन आलाय, आत काही नाही. कृपया चित्र पाठवा.

त्यांच्याकडचं मशीन जुनं असणार. एवढी मोठी संस्था आणि साधा बगळा उघडता येत नाही. मेल पुसून टाकली. ताईला उगाच कशाला ताप. ती आधीच जेवताना चमचा हातात धरून बसते आणि भिंतीकडे बघते.

११ मार्च, मंगळवार

ताई दिवसभर एकच पक्षी उघडते, बघते, बंद करते. पुन्हा उघडते. मी म्हटलं, काय बघतेस. म्हणाली, आहेत ना ते बघते.

घुबडाचा एक डोळा राहिलाय. तिला तो जमेना.

भावोजी म्हणाले, आता लॅपटॉप उचलतो आणि रिपेअरवाल्याकडे नेतो. ताई म्हणाली, तो शब्द देतोय ना, बघू दे त्याला. माझ्यावर विश्वास ठेवणारी माणसं मला जरा घाबरवतात. आत्याने ठेवला होता तेव्हा तिच्या बाथरूमचं छत खाली आलं.

पण हे छत नाही. हे सॉफ्टवेअर आहे. हे मला येतं.

१२ मार्च, बुधवार

आता एकच उपाय: लॅपटॉप मुळापासून कोरा करायचा. रिसेट. सगळं पुसून नव्याने सुरुवात. माझी जगण्याची पद्धतच ती आहे, आणि आजवर तरी निभावलंय.

भावोजींनी ऐकलं आणि चहा खाली ठेवला. म्हणाले, लिफ्ट अडकली की लोक आतून दारं बडवतात, बटणं दाबतात, सगळं चालतं, पण पहिल्यांदा दोर कापा असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

ताई म्हणाली, सगळी चित्रं आधी दुसरीकडे ठेवली असशील तरच. मी म्हटलं, तेवढं कळतं मला. (भावोजींच्या रिपोर्टांच्या प्रती ऑफिसात आहेत, काकूंचे फोटो अल्बमात.) बाबांचा तो रिकामा पेनड्राइव्ह घेतला, डेस्कटॉपवरचे सगळे पक्षी उचलले आणि त्यात सोडले. मला वाटलं बराच वेळ लागेल, कारण तिची चित्रं भारी असतात. डोळे मिटून उघडले तर काम झालेलं. पेनड्राइव्ह उघडून बघितला, सगळे हजर, आपापला बाण लावून. आणि पेनड्राइव्ह बंद पडला नाही. म्हणजे रोग लॅपटॉपच्याच हाडात आहे.

ताईने विचारलं, झालं? छातीवर हात ठेवून सांगितलं, झालं.

१३ मार्च, गुरुवार, दुपार

ताई सकाळी घुबड पुरं करून, सेव्ह करून प्रकाशकाकडे गेलीय. एक दिवस वाढवून मिळतो का ते विचारायला. जाताना म्हणाली, मी येईपर्यंत थांब. पण ती आल्यावर तिला चालू लॅपटॉप दिसला तर तिचा चेहरा कसा होईल, ते मला बघायचं होतं.

डेस्कटॉपवरचं पुरं झालेलं घुबडही पेनड्राइव्हवर घेतलं. रिसेटचं बटण दाबलं. त्यानेही विचारलं, खात्री आहे का.

तासाभरात लॅपटॉप नवा कोरा. फोल्डर उघडले, बंद केले, पुन्हा उघडले. एकदाही थरथर नाही. बरा झाला. मी केला. काकूंना हात धरून आणून दाखवलं. त्या म्हणाल्या, बरं आहे की, पण पक्षी कुठेत. मी म्हटलं, येतायत.

ताई यायच्या आत सगळं होतं तसं लावायचं म्हणून आधी रंगाचा प्रोग्रॅम टाकला. नवा फोल्डर केला. त्याला हिरवा रंग दिला.

उघडला.

खिडकी आली, थरथरली, गेली.

थोड्या वेळाने

लॅपटॉप नवा. फोल्डर रिकामा. धूळ नाही, वजन नाही, भावोजींचे रिपोर्ट नाहीत. फक्त हिरवा.

पेनड्राइव्हमधून थेट बगळा उघडून बघितला. लॅपटॉप म्हणतो, हा बाण ज्या फाइलकडे जातो ती फाइल सापडत नाही.

हळद्या, सापडत नाही. खंड्या, सापडत नाही. सुतार, सापडत नाही. घुबड उघडलंच नाही. हिंमत झाली नाही.

बाण म्हणजे चित्र नव्हे. बाण म्हणजे तिकडे आहे असं दाखवणारं बोट. मी सगळी बोटं जपून ठेवली आणि पक्षी पुसले.

ताईच्या चपला वाजल्या जिन्यात.

१४ मार्च, शुक्रवार

ताई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, मी निघून गेलो असतो. निघून जायला मला येतं. तिने विचारलं, सगळे? मी म्हटलं, सगळे. मग तिने मुदतीबद्दल काय झालं ते सांगितलं. वाढवून दिली नाही. शनिवार संध्याकाळ म्हणजे शनिवार संध्याकाळ. एवढं सांगून ती मागच्या खोलीत गेली. तिथे माझी कॉट आणि तिचं टेबल आहे. कॉटवरची माझी पिशवी तिने खाली ठेवली आणि कागदावर पेन्सिलने घुबड काढायला बसली. पहिल्यापासून.

मी दाराशी उभा होतो. भावोजी म्हणाले, उजेडातून बाजूला हो.

बाबांना तिनेच फोन केला. त्यांच्याकडे गेलेला पेनड्राइव्ह पुसलाय का, एवढंच विचारलं. पलीकडून काय झालंय असं विचारलं असावं, कारण ताईने माझं नाव घेतलं. मग फोन बंद झाला. पुसलाय की नाही, ते कळलंच नाही. पुसलाच असणार. त्या माणसाने उभ्या आयुष्यात भरलेलं पोतं परत पाठवलेलं नाही. माझा आवाजही ऐकायचा नसेल त्यांना. त्यांचा दोष नाही.

दुपारी काकूंनी हाक मारली. कपाटातून एक पिशवी काढून पुढे टाकली. आत टॉवेल. नारिंगी. लेबलसकट. आणि त्याच रंगाचा कप. काकू म्हणाल्या, रविवारी आणलाय तिने, घुबड संपल्यावर द्यायचा होता. मी म्हटलं होतं, एवढ्यात नको देऊ. आता घे आणि तोंड पूस.

पुसलं नाही. लेबल तसंच ठेवून घडी घातली.

भावोजी रिपेअरवाल्याशी बोलून आले. पुसलेलं थोडंफार परत मिळतं का, ते बघायला तो उद्या सकाळी घरी येतोय. आल्यावर त्यांनी फक्त एक विचारलं, लॅपटॉपमध्ये नवीन काही टाकलं होतंस का. मी म्हटलं, नाही. मग म्हटलं, रंग सोडून. त्यांनी निळ्या कपात चहा ओतून घेतला आणि मलाही दिला. पांढऱ्यात.

संध्याकाळी रंगाचा प्रोग्रॅम काढला. त्याने विचारलं, खात्री आहे का. या खेपेला खरंच होती. फोल्डर पिवळा झाला. उघडला. बंद पडला नाही. पुन्हा उघडला. नाही पडला.

दीपगृहासाठी अर्ज करायचा नाही. जहाजांनी माझं काय वाकडं केलंय.

१५ मार्च, शनिवार, सकाळ

लवकर उठलो. म्हणजे झोपलोच नव्हतो. घुबड पुन्हा झालंय, एक डोळा सोडून. ताई टेबलावरच डोकं टेकून झोपलीय, गालाला पेन्सिलीची काजळी. बाकीचे पक्षी संध्याकाळपर्यंत कागदावर होणं कोणाच्या हातचं नाही. हे तिला माहीत आहे, तरी शेजारी कोऱ्या कागदांची चळत लावून ठेवलीय.

पिशवी भरून ठेवली आहे. टॉवेल घेतला नाही, कॉटवर ठेवलाय. रिपेअरवाला आला की त्याला काय काय केलं ते सगळं खरं सांगायचं, बाणांसकट, आणि मग निघायचं. कुठे, ते ठरवलेलं नाही. व्हिजिटिंग कार्ड रद्द.

बेल वाजली. तोच असणार.

तो नाही. काकू बाहेरून हाका मारतायत. बाबा आलेत. रात्रभर बसने, न कळवता. गळ्यात सुतळीला पेनड्राइव्ह बांधलाय, तो काढून हातात द्यायला तयार नाहीत. काकू म्हणतायत, भरलेला आहे, पुसवला नाही म्हणे त्यांच्याच्याने, आता आधी कोणाची तरी सही हवी म्हणून दारातच उभे आहेत. ताईला उठव, आणि तू पण ये बाहेर. विचारतायत, इथल्या सिस्टम विभागाचे साहेब कुठे बसतात.